बटनआत्या

आमच्या वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरात पेटलेल्या बल्बला हात लावणं हा शिवी देण्याहून मोठा गुन्हा होता. कोणी बल्ब पुसायला स्टुलावर चढलं, की आतून आवाज यायचा, "पयले बटन." आणि आवाजापाठोपाठ आत्या स्वतः यायच्या, पदर खोचलेला, कपाळावर आठ्या. नुसतं बटन बंद करून भागत नसे. काच निवेपर्यंत थांबायचं, पायात चप्पल घालायची, फडकं कोरडं आहे हे त्यांना दाखवायचं, मगच वर हात. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं घेऊन चढलेल्या माझ्या दिराला त्यांनी असं काही सुनावलं होतं, की तो पुढची दोन वर्षं दिवाळीत घर झाडायला घरी थांबलाच नाही.

त्या माझ्या नवऱ्याच्या आत्या, सासऱ्यांची सगळ्यात धाकटी बहीण. नवऱ्याहून जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठ्या. 'बटनआत्या' हे नाव घरातल्या पोरांनी ठेवलेलं, त्यांच्यासमोर कोणी उच्चारत नसे. पाहुणे त्यांच्या रागाला हसत, बाई जरा सणकी आहे म्हणत. मीही हसले असते. पण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नाच्या संध्याकाळी, आणि तेव्हापासून त्यांच्या रागाला हसणाऱ्यांचा मला संताप येतो.

माझं माहेर सिंदी मेघेचं, तेही वर्ध्यालगतचंच. सासर इतकं जवळ, तरी वरात वाजतगाजत आली. दारापुढच्या मांडवात सासऱ्यांनी हौसेनं दोनशे वॉटचा बल्ब टांगला होता, आणि तोही नवरीचं तोंड साऱ्या गल्लीला दिसावं म्हणून अगदी खाली, आमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. दुपारपासून तो जळतच होता. सासूबाईंनी ओवाळलं, भाकरीचा तुकडा आणि पाणी आमच्यावरून उतरवलं, आणि तांब्यातलं पाणी रीतीप्रमाणे बाजूला भिरकावलं. चार थेंब वर उडाले. फाडकन आवाज झाला, अंधार झाला आणि माझ्या शालूवर काचा पडल्या. मान खाली होती म्हणून माझे डोळे वाचले. नवरीनं मान वर करायची नसते, या रीतीचा मला आयुष्यात झालेला तेवढाच उपयोग.

तुला लागलं का, असं एकानंही विचारलं नाही. कंदील आला, आणि त्याच्या उजेडात पहिलं वाक्य कानावर पडलं ते माझ्या चुलतसासूचं, "पांढऱ्या पायाची दिसते." सासूबाई हातात ताट धरून माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होत्या. उंबरठ्यावर तांदळाचं माप तसंच होतं. आज नवरीला आत घेऊ नका, शेजारी ठेवा, उद्या कोणाला तरी विचारून बघा, अशी कुजबुज सुरू झाली. माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता आणि गप्प होता. चार थेंब पाण्यापायी माझा संसार दारातच मोडायला निघाला होता, आणि मला मान वर करायचीही परवानगी नव्हती.

आत्यांना त्या दिवशी स्वयंपाकघरात बसवलं होतं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं शुभकार्यात पुढे येऊ नये, म्हणून. त्या बाहेर आल्या. नवरीनं ओलांडायचं ते माप त्या आतून ओलांडून बाहेर आल्या.

"कोन म्हनलं पांढऱ्या पायाची?" त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःचीच गोष्ट सगळ्यांसमोर काढली, जी त्या घरात कधी कोणी काढत नसे. जाम नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यात त्यांना दिलं होतं. गावात वीज नुकती आलेली, म्हणून दारात असाच मोठा बल्ब, असंच उतरवलेलं पाणी, आणि असाच तो फुटला. थेंब काचेवर पडलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी तसं सांगितलं, तर आल्या आल्या तोंड चालवते म्हणून आणखी बोल लागला. मग बैल मेला, तो तिच्या पायानं. सासऱ्याला ताप आला, तोही तिच्याच पायानं. पहिल्या दिवाळीला माहेरी आणून सोडलं, ते न्यायला कोणी आलंच नाही.

एवढं सांगून त्यांनी सासूबाईंकडे दुसरा बल्ब मागितला. घरात होता. सासऱ्यांनी नको म्हणून पाहिलं, पण आत्यांच्या तोंडाकडे बघून त्यांनी मुकाट्यानं तो आणून दिला. आत्यांनी आधी बटन बंद करून घेतलं, लाकडी पाटावर उभं राहून फडक्यानं फुटका बल्ब काढला, नवा बसवला आणि दिवा लावला. मग सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे सारलं, पोरांना घरात पाठवलं. "डोये झाका सारे," असं म्हणून त्यांनी स्वतःचा पदर तोंडावर ओढला आणि लांबून बल्बवर पाणी शिंपडलं.

काहीच झालं नाही. चुलतसासू म्हणाल्या, झालं समाधान? आत्या जागच्या हलल्या नाहीत.

"तापू द्या त्याले," त्या म्हणाल्या. "पोरगी उभी राह्यली तं तुमी बी उभे राहा."

आणि सगळे उभे राहिले. बँडवाले, व्याही, शेजारीपाजारी, एका बल्बकडे बघत. पंगतीतला भात थंड होत होता. बऱ्याच वेळानं आत्यांनी पुन्हा पाणी शिंपडलं, आणि तो बल्ब पहिल्याहून मोठ्यानं फुटला. कंदिलाच्या उजेडात त्यांचा आवाज आला, "आता सांगा वयनी. आता कोनाचा पाय लागला?"

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या शालूवरच्या काचा वेचायला लागल्या. त्यांचे ते हात मला आजही आठवतात. आत्यांनी पुन्हा बटन बंद केलं, केरसुणी फिरवली, आणि बारीक कण उचलायला कणकेचा गोळा जमिनीवर दाबत फिरल्या. तो गोळा कागदात गुंडाळताना, गाईपुढे टाकू नका म्हणून सगळ्यांना बजावलं. मी माप ओलांडून आत गेले. आणि आत्या? त्या मागच्या दारानं पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्यांना पुढे थांबा असं कोणी म्हटलं नाही. माझा राग तिथून सुरू होतो.

पुढे त्यांच्या हाताखाली मी घर शिकले. फोडणीचे शिंतोडे उडतील तिथे बल्ब टांगू द्यायच्या नाहीत. बंद काचेच्या झाकणात मोठा बल्ब घातला तर आत उष्णता कोंडते म्हणून लहानच आणायला लावायच्या. बल्ब होल्डरमध्ये ढिला बसला आणि चरचर वाजला, की सगळ्यांना त्याखालून उठवायच्या. लाइट जाऊन परत आली की कधी जोर जास्त असतो, म्हणून तेवढा वेळ त्याच्याखाली पोरांना बसू देत नसत. मी एकदा वैतागून म्हटलं, आत्या, इतकं काय त्या बल्बचं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बल्ब काच हाये. तापल्यावर पानी पडलं तं फुटनारच. मले त्याचा राग नाई. ज्यानं पाह्यलं अन् तोंड नाई उघडलं, त्याचा हाये." कोणाबद्दल बोलत होत्या ते मी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्या नवऱ्यालाच टोमणा आहे.

चाळिशीही गाठली नाही त्यांनी. कावीळ झाली, आधी झाडपाल्यात दिवस गेले, मग वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्यांना घरी आणलं ते पांघरूण घालूनच. सकाळी जामकडून त्यांचा नवरा आला. दुसरं लग्न केलेला, दोन मुलांचा बाप. काडीमोड झालेला नव्हता म्हणून अग्नी देण्याचा हक्क त्याचा, आणि ज्यानं कधी विचारपूस केली नाही तो हक्काला बरोबर वेळेवर हजर झाला. सगळं आटोपल्यावर तो आमच्या ओट्यावर बसला. सासूबाईंनी रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. मी दारात उभी होते.

"जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या घरचा बल्ब पान्यानं फुटलता. तिच्या पायानं नाई. येवढं आयकून जा."

तो खाली बघत होता.

"मालूम हाये," तो म्हणाला. "मले तवाच दिसलतं. मी तिच्या बाजूलेच तं उभा होतो. मायपुढं बोलता नाई आलं."

त्यानं पाण्यासाठी हात पुढे केला. सासूबाईंनी तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला.