हर्षदाचं वाचन कच्चं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज सांगतेय — का, तेही नीटसं कळत नाही.

बोईसरच्या आमच्या घरात पहिल्यापासून पत्रकंच. बाबा कामगारांसाठी लिहायचे, मी विद्यार्थ्यांसाठी लिहू लागले. गेल्या वर्षीचं माझं पत्रक एमबीएच्या प्रवेश परीक्षेविरुद्ध होतं. ज्यांना क्लास परवडतो त्यांच्याचसाठी ती परीक्षा आहे — हे मला आजही वाटतं. पण त्या भरात एक वाक्य लिहून गेले: उद्योजकतेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ही परीक्षा लागत नाही. कुठे वाचलं होतं मी ते? की लागू नये असं वाटत होतं, म्हणून ‘लागत नाही’ लिहिलं?

घिवलीची हर्षदा माझी कॉलेजातली मैत्रीण. घरची बोट, आई सुकी मासळी विकते. हर्षदाला तो अभ्यासक्रम करून मासळीचा स्वतःचा धंदा उभा करायचा होता. पत्रक वाचून म्हणाली, “तू लिवलंस ना, मंग झालं. परीक्षेचं भूत गेलं एकदाचं!”

चार दिवसांनी मी त्या अभ्यासक्रमाची जाहिरात पाहिली. परीक्षा होती. परीक्षेचा अर्ज भरायला अजून दोन दिवस होते. फोन हातात होता — केला नाही. दुरुस्ती छापली असती तर ज्यांच्याशी भांडत होते तेच हसले असते. पण तिला एकटीला सांगितलं असतं तर कोण हसणार होतं? हे तेव्हा सुचलंच नाही — की सुचलं होतं?

प्रवेशाच्या खिडकीवर तिच्याकडे परीक्षेचे गुण मागितले. तिथून ती थेट माझ्याकडे आली. तिचं पत्रक उरलं नव्हतं. आईने त्यात सुकट बांधून गिऱ्हाइकाला दिली होती.

“तू नेमकं काय लिवलं होतंस गो?”

“काही कॉलेजांना लागत नाही, असं,” मी म्हणाले.

तिने कपाळावर हात मारला. हसली. “मीच येडी. माझं वाचनच कच्चं हाय.”

आणि मी — मी होकारार्थी मान हलवली. ती ज्या खाटेवर बसली होती, तिच्याच खाली उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता.

यंदा ती अर्जच भरणार नाही म्हणते. परवा बोटीच्या परवान्याचा कागद घेऊन आली होती. “तूच वाच गो. माझा मलाच भरोसा नाय.”

मी ओळन्ओळ वाचून दाखवली. ती त्याच खाटेवर बसून ऐकत होती. गठ्ठा अजून तिथेच आहे.