दुसऱ्या रांगेतला बाक

शनिवारी सकाळी योशिनो कानेशिगे बुद्धापुढे ठेवायचा वाटीभर गरम भात घेऊन नेहमीसारखी देवळात आली, तर दाराशी ट्रक उभा, आणि ट्रकात तिच्या बापानं केलेले बाक. चार चढवून झाले होते, पाचवा दारात आडवा.

"आंटी, जरा बाजूला व्हा, पायावर येईल," ट्रकवाला मॅन्युएल म्हणाला. हवाई बेटांवर म्हाताऱ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात. योशिनो बाजूला झाली. बाजूला होण्यात तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं.

"कुठं चालले हे?"

"कोना गावच्या हॉटेलात. तुम्हीच विकले ना? एक तर कालच पोचवून आलो."

तेवढ्यात कर्टिस हॅलोरन बाहेर आला. तिला बघून त्यानं हात जोडले आणि कमरेत वाकला. "योशिनो-सान, सुप्रभात." सहा वर्षं तो असाच वाकत होता आणि सहा वर्षं तिला वाटत होतं, बाबा रे, सरळ उभा राहा आणि सगळ्यांसारखं आंटी म्हण. पण बोलली कधी? छे.

खोटं कशाला बोला, कर्टिस आला तेव्हा देवळाला माणूस हवाच होता. साखर कारखाना बंद पडला, पोरं उठून गेली, योशिनोचा मुलगा तर पार लास व्हेगासला. रविवारच्या प्रार्थनेला अकरा म्हातारे उरले. अशात कोलोरॅडोहून हा गोरा आला, सोबत दहा-बारा मित्रमंडळी. छप्पर नीट केलं, पन्हळी साफ केल्या. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

मग हळूहळू त्याचं शहाणपण सुरू झालं. पियानोवर बुद्धाची गाणी म्हणायची नाहीत, ती म्हणे चर्चची नक्कल. प्रार्थनेनंतर भाताच्या वड्यांवर डब्यातल्या मांसाचा काप ठेवून वाढायची इथली जुनी रीत, तर ह्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "बौद्ध माणसं मांस खातात?" हे कुणाला विचारतोय, तर जिचा आजा हिरोशिमाहून बुद्धाची तसबीर छातीशी बांधून ऊस तोडायला आला तिला. एके दिवशी तर त्यानं स्वयंपाकघरात पाटी लावली, 'मौन पाळा'. स्वयंपाकघरात मौन, आता बोला! एकतीस वर्षं शाळेच्या खानावळीत भात शिजवलेल्या बाईनं ती पाटी वाचली, मान डोलावली आणि मुकाट्यानं तांदूळ धुतले.

"हे बाक कुणी विकले?" योशिनोनं विचारलं.

"आपण सगळ्यांनी," कर्टिस गोड आवाजात म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वीच्या बैठकीत ठरलं ना. एकमतानं. कुणीही नाही म्हटलं नाही."

तिच्या डोळ्यांपुढे ती बैठक उभी राहिली. बाक काढून जमिनीवर उशा घालू या, असं कर्टिस म्हणाला होता. तेव्हा अध्यक्ष टोराओ निशियामांनी दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, "हं, जरा अवघड आहे." योशिनो म्हणाली, "छान कल्पना आहे, विचार करू." बाकीचे चहाच्या कपात बघत बसले. त्या अकरा जणांत एकही माणूस असा नव्हता ज्याला हा ठाम नकार आहे हे कळलं नव्हतं. ह्याहून स्पष्ट नकार त्यांच्या सात पिढ्यांत कुणी दिला नव्हता. आणि ह्या गृहस्थानं वहीत लिहिलं, एकमतानं मंजूर.

"बाक ही ख्रिश्चनांची पद्धत," कर्टिस समजावत होता. "बुद्ध काय बाकावर बसला होता? आपल्याला मूळ धर्माकडे परत जायचंय. तुमच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे, त्याची काळजी करू नका. तुमच्यासाठी मागे एक खुर्ची ठेवू."

मागे. एक खुर्ची. योशिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं भाताची वाटी पायरीवर ठेवली.

"आम्ही जमिनीवरच बसायचो," ती म्हणाली. "इथं चटया होत्या. मी चार वर्षांची होते. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि त्याच संध्याकाळी अमेरिकन सैनिक आले, आमच्या पुजाऱ्याला घेऊन गेले. चार वर्षं तो माणूस तुरुंगाच्या छावणीत होता. का, तर म्हणे बौद्ध. देवळाला कुलूप. आजोबांची तसबीर बापानं कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरली. तेव्हाही कुणी नाही म्हटलं नाही, मिस्टर हॅलोरन."

कर्टिस काही बोलायला गेला.

"थांबा. लढाई संपली, कुलूप निघालं, तेव्हा बापानं उसाच्या मोडक्या गाड्यांच्या फळ्या आणल्या आणि बाक केले. मी नऊ वर्षांची. फळ्या घासून घासून माझ्या बोटांची सालं गेली. मी विचारलं, चटया का नकोत? तर म्हणाला, पुढच्या वेळी ते खिडकीतून आत बघतील तेव्हा त्यांना आपण त्यांच्यासारखेच बसलेले दिसू. पियानो त्यासाठी, गाणी त्यासाठी. तुम्हाला भिऊन केलंय हे सगळं. आणि आता तुम्हीच येऊन सांगता, हे खरं नाही, खाली बसा?"

मॅन्युएलनं पाचवा बाक हळूच खाली टेकवला.

तेवढ्यात टोराओ निशियामा फुलं घेऊन आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, टोपी हातात. ट्रक बघून त्यांचा चेहरा उतरला, तरी ते कर्टिसला हसून नमस्कार करायला लागले. ते बघून योशिनोला कर्टिसपेक्षाही त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"टोराओ-सान, त्या दिवशी तुम्ही बैठकीत काय म्हणालात?"

"अवघड आहे म्हणालो."

"ते ह्यांना कळलं नाही. ह्यांना कळेल असं सांगा."

टोराओंनी खाली बघितलं. फुलांचा कागद चुरगळला. "योशिनो, आता कशाला उगाच..."

"माझा नवरा नोबोरू आत राखेच्या कलशात आहे. तुमची बायको आहे. ती माणसं आयुष्यभर ह्या बाकांवर बसली. सांगा."

मग म्हातारा इतक्या हळू बोलला की मॅन्युएलला पुढे वाकावं लागलं. "नाही."

"मी पण नाही म्हणते," योशिनो म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "लिहा वहीत. मॅन्युएल, उतरव सगळे."

कर्टिस लालबुंद झाला. "पण मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मला कसं कळणार?"

"सहा वर्षं आमच्यात राहिलात. आम्ही कसे बसतो, काय खातो, कसं गातो, सगळ्यातल्या चुका काढल्यात. आम्ही नाही कसं म्हणतो तेवढं एकदा विचारायचं होतं."

कर्टिसनं बाह्या सरसावल्या आणि बाकाचं एक टोक धरलं. योशिनोनं आभार मानले नाहीत.

पाचही बाक परत आत गेले. पण आदल्या दिवशी कोनाला गेलेला दुसऱ्या रांगेतला होता, तिची आई बसायची तो. टोराओंनी हॉटेलला तीन पत्रं लिहिली. हॉटेलनं नम्रपणे कळवलं की तो दिवाणखान्यात ठेवला आहे, पाहुण्यांना त्यावर बसून बूट घालायला फार सोयीचा पडतो.

महिन्याभरानं एका रविवारी प्रार्थनेला सगळे जमले. पियानो वाजला. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेच्या मधे तेवढी फरशी उघडी होती. कर्टिस आपली उशी छातीशी धरून योशिनोजवळ आला. ह्या वेळी तो वाकला नाही.

"आंटी," तो म्हणाला, "इथली जागा रिकामीच आहे. मी इथं बसू का?"

"नाही," योशिनो म्हणाली.