समाधीजवळची हद्द

बायको गेल्याच्या पुढच्या वर्षी कचेरीत रोव्हर आला. त्याआधी शेत मोजायला आम्ही चौघं जायचो. साखळी ओढता ओढता गप्पा व्हायच्या, डबे एकत्र सुटायचे. रोव्हर म्हणजे काठीच्या टोकावर बसवलेलं, उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र. त्याला एक माणूस पुरतो. मग मी एकटाच फिरू लागलो.

एकदा अक्कलकोटच्या बाजूला गेलो होतो. शेत एका म्हातारीचं. नवऱ्याला तिनं शेतातच, बांधाजवळ पुरलेलं. शेजारचं रान दिराचं. समाधी माझ्या हद्दीत आहे, हलवा, असं त्याचं म्हणणं. मोजणीचा अर्जही त्याचाच.

शेत ओढ्याकाठी खोलगटात, मोबाईलला रेंज नाही. नुसत्या उपग्रहांच्या भरवशावर जागा दोन-चार हात इकडेतिकडे सरकते. पक्क्या जागी बसवलेलं एक केंद्र ही चूक क्षणाक्षणाला मोजून नेटवरून कळवत असतं, ती दुरुस्ती मिळाली तरच बोटभर फरकानं नेमकं कळतं. तोवर पडद्यावर समाधी दिराच्या बाजूला दिसत होती. त्यानं वाकून पाहिलं.

"झालं की मग," तो म्हणाला.

हे कच्चं आहे, थांबा, असं मी सांगितलं.

चढावरच्या दुसऱ्या बांधावर थोडी रेंज होती. तिथं कुणी माझा मोबाईल धरला असता तर त्याच्या हॉटस्पॉटवरून खाली रोव्हरला नेट मिळालं असतं. दीर जागचा हलला नाही. शेवटी म्हातारीच चढली आणि मोबाईल डोक्यावर धरून उन्हात उभी राहिली. एकदाही तिनं तो खाली घेतला नाही.

बऱ्याच वेळानं आकडे स्थिरावले. खात्रीसाठी मी पुन्हा मोजलं. समाधी तिच्याच हद्दीत होती, वीतभर आत. दिरानं कागदावर सही केली आणि निघून गेला.

समाधीवरचा पाचोळा काढत म्हातारी म्हणाली, "सकाळच्याला बोलायला माणूस ऱ्हायलं मला."

मी रोव्हर आवरला. भाकरी खाऊन जा म्हणाली, तर घरी वाट बघत असतील असं सांगून मी निघालो. ते खोटं होतं. भवानी पेठेतल्या खोलीला सकाळी मीच कुलूप लावलं होतं. शहरात परतल्यावर सात रस्त्याजवळच्या खानावळीत जेवलो. ताट वाढणाऱ्यानं काही विचारलं असतं, तर बहुतेक सगळं सांगून टाकलं असतं.