बाजारातली गुप्त भाषा

तंजावरच्या भाजीबाजारात मराठी कुणालाही कळत नाही, असा आमच्या आप्पांचा ठाम समज होता. भाजीवालीशी ते गोड तमिळमध्ये बोलायचे, तिच्या मुलाबाळांची चौकशी करायचे. मग हातातलं वांगं फिरवत, त्याच गोड आवाजात मला मराठीत सांगायचे, "घेऊ नको गं, किडकी आहेत. हसत हसत पुढे चल." आणि आम्ही बापलेक हसत हसत पुढे जायचो.

पुढे माझ्या लेकीलाही त्यांनी या कटात ओढलं. घरी मराठीत काही विचारलं तर तमिळमध्ये उत्तर देणारी ही पोरगी बाजारात मात्र आजोबांच्या कानाशी लागून कुजबुजायची, "आप्पा, किडकी!" तेव्हा आप्पांचा चेहरा बघावा! मी चिडायचे, "एक दिवस पकडले जाल तुम्ही." त्यावर ते म्हणायचे, "राजवाड्याजवळच्या आपल्या चार गल्ल्या सोडल्या तर ही भाषा येते कुणाला?"

आप्पा गेल्यावर कितीतरी महिने मी बाजाराकडे फिरकले नाही. परवा लेकीला घेऊन गेले. त्याच भाजीवालीपुढे गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी वांगी निवडायला वाकले, तशी तिने माझा हात धरला. चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता, अगदी आप्पांच्या सुरात ती म्हणाली, "घेऊ नको गं, किडकी आहेत. हसत हसत पुढे चल."

मी पुढे चालू लागले. हसणं मात्र कोपऱ्यापर्यंतच टिकलं.