वरसाव्याच्या हळदीत आयचा आवाज

आमच्या घरची सगळी गाणी आता शिलाई मशीनवर राहतात. म्हणजे मशीनचं झाकण लावून त्यावर मुलाचा जुना कॉम्प्युटर ठेवलाय, त्यात. दोन ट्रंका भरून कॅसेटी होत्या. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून एकेक कॅसेट मी त्यात उतरवली. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघबघून शिकले. बुरशी चढलेल्या फितीसुद्धा सोडल्या नाहीत. मग तो कॉम्प्युटर इंटरनेटला असा जोडला, की स्वयंपाकघरात फोनवर लावलं तरी गाणं येतं आणि बाहेर पडलं तरी तिथूनच येतं. बाहेर पहिल्यांदा ऐकलं ते रिक्षात, काशीमीऱ्याच्या सिग्नलला, दोन्ही बाजूंना ट्रक घरघरत होते तेव्हा. गाणं भाईंदरला माझ्या घरात, आणि मी इथे ऐकतेय! रिक्षावाल्यालाही ऐकवलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण मान हलवली त्याने.

मुलगा म्हणाला होता, "आई, महत्त्वाची गाणी फोनमध्ये पण उतरवून ठेव." मी म्हटलं, "घरी आहे ना सगळं? मग फोनची जागा कशाला अडवू?"

त्यात सगळ्यात मोलाचे आयचे धवले. आय म्हणजे माझी सासू. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक गोष्टीला धवला गातात आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, पण धवलारीण आल्याशिवाय बायका हळदीला हात लावत नाहीत. आय चांगली नावाजलेली धवलारीण. एका दुपारी मी तिला टेपसमोर बसवून गायला लावलं होतं, तेवढाच तिचा आवाज उरलाय.

आय गेल्यापासून तो आवाज माझ्या नणंदेने एकदाही ऐकला नव्हता. पोटची लेक, पण मी लावते म्हटलं की हात आडवा करायची. "न्हाय गो वैनी. बिनलग्नाचा धवला नसतो ऐकायचा. घरात लगीन निघंल तवा ऐकीन." तिच्या मुलांची लग्नं आयच्या हयातीतच झालेली. म्हणजे ही बाई इतकी वर्षं नातीच्या लग्नाची वाट बघत थांबलेली. मग लग्न ठरलं आणि वरसाव्याहून तिचा फोन आला.

"वैनी, हलदीला मना आयचाच धवला पायजे. हाय ना तुज्या फोनमदी?"

"आहे म्हणजे काय! बोट लावलं की हजर."

"बग हां. सगल्या बायांना सांगून ठेवलंय मी."

हळदीच्या दिवशी आम्ही घरातले सगळे निघालो. माझ्या मांडीवर मानाच्या साड्यांची पिशवी आणि आहेराचं पातेलं, त्यामुळे वाटेत फोनला हात लावला नाही. पोचलो तर मांडवात नवरी पाटावर बसलेली, हळद कालवलेली, बायका गोल करून. नणंद पुढेच बसली होती, पदर नीट घेऊन, जणू आय समोरून येणार आहे. मी माझ्या नातीचा छोटा स्पीकर जोडला, ऐटीत बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. नुसतं गोल गोल फिरतंय.

"काय झाला गो?" नणंद म्हणाली.

"नेट हळू आहे," मी म्हटलं. पण नेट हळू नव्हतं. माझ्या लक्षात आलं आणि मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं.

"घरातून शेवटी कोण निघालं?"

"मी."

"मेन स्विच?"

"बंद केला. सगळे बाहेर जाताना मी नेहमीच करतो. त्याचं काय?"

"अहो, गाणी घरात आहेत!"

"मग तुझ्या हातात काय आहे?"

तिथे बायका काय हसल्या म्हणता! एक विहीणबाई म्हणाली, "भाऊजींनी सासूलाच कोंडून ठेवली की घरात!" "सासू तिची, माझी आय," हे म्हणाले, आणि आणखी हशा झाला. नणंद मात्र हसली नाही. हळदीच्या वाटीकडे बघत राहिली.

आमच्या घराची एक चावी शेजारच्या गुजराती बेनकडे असते. तिला फोन लावला.

"बेन, दरवाजे के पीछे काला स्विच है, ऊपर करो."

"भाभी, मेरेको वायर से डर लगता है."

"वायर को हाथ नहीं लगाना. चप्पल पहनो और ऊपर करो."

खट् आवाज मला इथे ऐकू आला.

"अब शिलाई मशीन पे जो डब्बा है, उसका गोल बटन दबाओ."

"दबाया. भाभी, ये तो घूं घूं करता है!"

"करने दो. अब उसको छूना नहीं."

पाच मिनिटं गेली असतील. पाटावर बसलेल्या पोरीचे पाय अवघडले होते. मग स्पीकर खरखरला आणि आयचा आवाज आला. कुणीतरी पहिली हळद लावली. नणंदेचे डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मला वाटलं, आता ही रडणार.

तेवढ्यात तिने डोळे उघडले. "थांबव! थांबव ते!"

मी घाबरून थांबवलं.

"आय चुकली. नवरीच्या मामाचं कडवं खाल्लंन तिनी. तू टेप धरून बसलेलीस ना समोर, गडबडली असंल."

आणि तिने ते कडवं स्वतः म्हटलं. आवाज जाडसर, श्वास मधेच तुटत होता, पण एक शब्द अडला नाही. बायकांनी मागून ओळ धरली. संपल्यावर माझ्याकडे न बघताच बोटाने खूण केली: लाव आता पुढचं.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून भाईंदरला आली आणि मशीनसमोर खुर्ची ओढून बसली. मामाचं कडवं मी तिच्या आवाजात घेतलं आणि आयच्या धवल्यात त्या जागी जोडून टाकलं. जोड ऐकू येतो, मी तो लपवला नाही. आता तो धवला फोनमध्येही उतरवून ठेवलाय. नणंदेला विचारलं, "लावू का, बघतेस कसं जमलंय?"

"न्हाय," म्हणाली, "धाकल्या नातीचं लगीन होऊ दे."