टोपी काढली

ग्रीक भाषेशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. सोलापुरातल्या शाळेत संस्कृत शिकवणारा मी मास्तर. पण स्टेशनच्या पलीकडे एक म्हातारे गोरे पाद्री राहत, मिशनच्या कामातून मोकळे झालेले. त्यांना जुन्या ग्रीकचा मराठी शब्दसंग्रह करायचा होता आणि त्यांचं स्वतःचं मराठी असं, की घरी गेलेल्या माणसाला ते 'तू ये, बूड ठेव' म्हणत. मी त्यांना मराठी शब्द पुरवायचे आणि त्यांनी मला ग्रीक शिकवायचं, असं ठरलं. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांना हा निव्वळ चावटपणा वाटायचा. मला मात्र त्याचा ताठा होता, हे कबूल करतो. गावात ग्रीक येणारा हिंदू एकच, आणि तो मी.

पाद्रीसाहेबांनी शब्द अर्थाप्रमाणे लावले होते. एका शनिवारी 'काढणे' आलं. अंगावरचे कपडे उतरवायला ग्रीकात एक क्रियापद, वहाणेचा बंद सोडून ती पायातून काढायला दुसरं, फळाची साल काढायला तिसरं. लढाईत पडलेल्या शत्रूच्या अंगावरचं चिलखत नि हत्यारं काढून घ्यायलासुद्धा त्यांनी एक खास शब्द ठेवलेला. मी ती यादी घरी आणली आणि बायकोपुढे ठेवली. ती मोहोळकडची, शेतावर वाढलेली. समोर सूप घेऊन शेंगा फोडत बसली होती.

"जोडे काढतात, पागोटं उतरवतात, लुगडं फेडतात, गाठ सोडतात," ती मान वर न करता म्हणाली. "शेंग फोडतात, कणीस सोलतात. दृष्ट काढतात ती वेगळी. आणि बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. हे तुमच्या साहेबाला नीट सांगा, नाहीतर भलतंच लिहून ठेवेल."

"आणि मेलेल्याच्या अंगावरचं काढून घेतात ते?"

"त्याला शब्द कशाला हवा? असली कामं करणाऱ्यांनी शोधावा."

भिंतीपलीकडचा माग तेवढ्यात थांबला आणि शेजारी दारात आला. तो विणकर होता, तेलुगू बोलणारा. आजोबांच्या वेळी त्यांचं घर निजामाच्या मुलखातून इकडे आलेलं. दिवसभर लुगडी विणायचा आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. बायकोनं यादी पुन्हा म्हणून दाखवली तेव्हा तो हसला. "आमच्यात विप्पु म्हणतात की. गाठ बी विप्पु, कापड बी विप्पु. तुमी लोक लई शब्द करता मास्तर."

खरी गंमत पुढच्या शनिवारी आली. ग्रीक क्रियापदाला कर्तरी आणि कर्मणी यांच्यामध्ये आणखी एक रूप असतं. दुसऱ्याचे कपडे उतरवले तर एक प्रत्यय, दुसऱ्यानं माझे उतरवले तर दुसरा, आणि मीच माझे उतरवले तर तिसरा. 'एक्सेदुसामेन' म्हणजे मी आपले आपण काढले. 'एक्सेदुथेन' म्हणजे माझे काढून घेतले गेले. शेवटच्या एकदोन अक्षरांत सगळा निकाल. मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. हे तर आमचं आत्मनेपद! क्रियेचं फळ करणाऱ्याकडेच जातं तेव्हा ते रूप, असं मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावलं. म्हाताऱ्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि माझा हात हातात घेतला.

"आणि मराठीत?" त्यांनी विचारलं.

मराठीत पंचाईत होती. 'टोपी काढली' एवढंच म्हटलं तर कुणी काढली ते कळतच नाही. मी काढली, त्यानं काढली, शिपायानं काढली; टोपी स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद 'काढली', मग काढणारा कुणी का असेना. पाद्रीसाहेबांना हा मराठीचा दोष वाटला. मी त्यांच्याशी वाद घातला, आमची भाषा मोघम नाही, ऐकणाऱ्यावर विश्वास टाकते, वगैरे. त्या वेळी मला असं बोलायला फार आवडायचं.

तीस साली गावात खादीचं वारं शिरलं. मी पांढरी टोपी घालू लागलो आणि मला बोलायला आणखी एक विषय मिळाला. वर्गात बोललो, ओट्यावर बोललो. टोपी म्हणजे चार बोटं कापड नव्हे, डोकं गेलं तरी ती उतरणार नाही, असं एकदा बायकोसमोर म्हणालो. "डोकं राहू दे, आधी दळण आणा," ती म्हणाली. शेजाऱ्यानं मात्र माझं बोलणं मनावर घेतलं. त्याला मी माझ्या पैशानं खादीची टोपी आणून दिली आणि माझ्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याला टोपी घातली, या शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात. पुढे जे झालं त्यात दोन्ही खरे ठरले.

मे महिन्यात गावात गोळीबार झाला, पोलिसांच्या चौक्या जळाल्या आणि शहर लष्कराच्या हाती गेलं. सगळे त्याला मार्शल लॉ म्हणत. ठरल्या तासांशिवाय बाहेर पडायची बंदी. पांढरी टोपी दिसली की चौकातले गोरे सोल्जर ती उतरवायला लावत. आमच्या घरातली ज्वारी संपली होती, त्यांच्याही. सकाळी मोकळीक मिळाली तेव्हा शेजारी आणि मी पिशव्या घेऊन बाहेर पडलो. दोघांच्या डोक्यावर टोप्या होत्या. निघताना बायकोनं माझ्या टोपीकडे पाहिलं. मीच म्हणालो, "बघू कोण काढतो ते."

बाजाराच्या अलीकडच्या चौकात पहारा होता. आमच्या पुढे एक म्हातारा चालला होता. सोल्जरनं बंदुकीच्या टोकानं त्याची टोपी उडवली, ती गटारात पडली. आम्ही पन्नासएक पावलांवर होतो. मला तो क्षण पूर्ण आठवतो. भीती वाटली असं म्हणणंही मोठेपणाचं होईल, कारण भीती वाटायलाही थोडा वेळ लागतो. माझा हात वर गेला, टोपी खाली आली आणि पिशवीत गेली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

शेजारी चालत राहिला. सोल्जर त्याच्या पुढ्यात आला. "टोपी उतारो."

"कशाला?" शेजारी म्हणाला.

एवढंच. त्याच्या आवाजात ऐट नव्हती, त्याला खरंच विचारायचं होतं. त्यानं एक हात टोपीवर ठेवला, वाऱ्यात धरतात तसा. सोल्जरनं बंदुकीचा दस्ता त्या हातावर मारला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. दोघांनी त्याला धरून नेलं. एकानं माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं आणि 'चलो, चलो' म्हणून मला हाकललं.

घरी येण्याआधी मी पिशवीतली टोपी एका पडक्या भिंतीआड टाकून दिली. त्या काळी माणूस उघड्या डोक्यानं रस्त्यानं आला म्हणजे घरात कुणी तरी गेलं असं समजत. बायको दारात होती, तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? टोपी काढली?"

मी म्हणालो, "काढली."

ती एकदम रडायलाच लागली. मागोमाग शेजाऱ्याची बायको धावत आली. "ह्ये कुटं हायेत मास्तर? तुमी संगं होते की!" मी तिला सगळं सांगितलं. हाताचं सांगितलं, धरून नेल्याचं सांगितलं. आणि म्हणालो, "चौकात आमच्या टोप्या काढल्या." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ज्या मोघमपणाबद्दल मी पाद्रीसाहेबांशी भांडलो होतो, त्याच्याच आडोशाला मी उभा होतो, आणि माझी आई जी भाषा बोलली त्या भाषेनं मला बिनबोभाट लपवलं. मला स्वतःची शिसारी आली. पण मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

शेजाऱ्याला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. गल्लीत मी अर्धा हुतात्मा झालो. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन पाठीवर थोपटलं. मी शेजाऱ्याच्या घरी ज्वारी पोचवायचो, डाळ पोचवायचो, आणि ती बाई प्रत्येक वेळी मला आत बोलवून पाणी द्यायची. ते पाणी मी प्यायचो. बायको माझ्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती इतक्या मायेनं बोलायची. जेवताना भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त पडायचा आणि मला तो गिळवत नसे.

मार्शल लॉ उठल्यावर मी पाद्रीसाहेबांकडे गेलो. म्हातारा दारातच उभा होता. त्याच्या कानावर आलं होतं. "माझ्या रंगाच्या माणसांनी तुझी टोपी काढली," तो म्हणाला, "मला शरम आहे." आणि त्यानं माझ्यापुढे मान खाली घातली. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यानं आमची वही उघडली आणि हसत म्हणाला, "आता तू हे ग्रीकात सांग."

'एक्सेदुसामेन' की 'एक्सेदुथेन'. तिथे आडोसा नव्हता. मी वही मिटली. विसरलो, म्हणालो. त्या दिवसानंतर मी तिकडे गेलो नाही. काही कारणं कळवली, मग तीही कळवायची बंद केली. तो शब्दसंग्रह पुरा झाला की नाही मला माहीत नाही.

श्रावणात शेजारी सुटून आला. मी तोवर दिवस मोजत होतो. तो काय सांगेल, या एका विचारानं मला जेवण जात नव्हतं. गल्ली दारात जमली. त्याच्या बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तो वाळला होता आणि त्याचा उजवा हात मनगटाशी वाकडा जुळला होता. लोकांनी विचारलंच. "चौकात काय झालं? मास्तरांची बी काढली न्हवं?"

त्यानं गर्दीत मला शोधलं. माझी बायको माझ्या शेजारी उभी होती.

"काढली की," तो म्हणाला.

लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. त्याला सगळं माहीत होतं आणि त्यानं माझंच वाक्य माझ्या अंगावर पांघरलं. संध्याकाळी तो ओट्यावर आला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं डावा हात हलवला.

"राग न्हाय मास्तर. तुमाला घरदार हाय. पर एक सांगतो. दोन टोप्या हुत्या तवर त्यो सोल्जर दुसरीकडंच बघत हुता. तुमी काढली, तशी तुमच्या हाताच्या हालचालीनं त्यानं इकडं बघितलं. मग माझीच तेवढी दिसली."

त्यानं हे टोचण्यासाठी सांगितलं नाही. मागाचा दोरा कुठे तुटला ते सांगावं तसं सांगितलं. आपलं आपण केलेलं आपल्यापाशी राहतं, असं मी मोठ्या ऐटीत शिकवत आलो होतो. माझ्या काढण्याचं फळ या माणसाच्या मनगटात बसलं होतं.

तो गेल्यावर मी आत गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिच्या हातात ताटली होती, ती तिनं खाली ठेवली. मला वाटलं ती चिडेल, रडेल, निदान भाकरी आपटेल.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "त्यांच्या बायकोला सांगा."

त्यांचं दार पाच पावलांवर होतं. मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती. मग सण आले. बायकोनं पुन्हा तो विषय काढला नाही, आणि भाकरीवर लोणी त्या मे महिन्याआधी पडायचं तेवढंच पडू लागलं.

वाकड्या हातानं त्याला धोटा नीट फेकता येईना. कापडाला गाठी पडायच्या, व्यापारी माल परत करायचा. दिवाळीनंतर त्यांनी माग विकला आणि बायकोच्या माहेरी, करीमनगरकडे जायचं ठरवलं. टांगा दारात आला तेव्हा आम्ही दोघं बाहेर आलो. त्यानं मला डाव्या हातानं रामराम केला आणि पुढे जाऊन बसला. त्याची बायको टांग्याची पायरी चढता चढता थांबली, उतरली, आणि माझ्याजवळ येऊन वाकून पाया पडली.

"त्या तीन महिन्यांत मला येवढाच धीर हुता मास्तर," ती म्हणाली, "का ह्ये एकटे न्हवते. तुमी हुते त्यांच्यासंगं."

माझी बायको माझ्याकडे पाहत होती. मी त्या बाईला सावकाश जा म्हणालो.