कोरी बाटली

"आधी कोरी बाटली लाव," असं म्हणत त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या. कोरी म्हणजे उत्प्रेरक न घातलेली. दुसऱ्याच्या आनंदात बारीकसा प्रश्न आणून ठेवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची चीड येते. मलाही यायची.

फरीदाबादच्या आमच्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. मूळच्या अमरावतीच्या, यजमानांसोबत दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. इतरांशी हिंदी, माझ्याशी मराठी. सोन्याचांदीचे मोजके अणू एकत्र आणून आम्ही मिश्रधातूचे अतिसूक्ष्म पुंजके बनवायचो. उजेड पडला की या उत्प्रेरकांनी सांडपाण्यातला कापडाचा रंग तोडावा, ही आशा. घाई केली की द्रावण काळं पडे. त्या रागवायच्या नाहीत. डबा उघडून म्हणायच्या, "चलो, थालीपीठ खा. सोनं उद्याही सोनंच राहील."

दोन वर्षांनी माझं निळं पाणी नव्या दिव्याखाली अर्ध्या तासात नितळ झालं. त्यावरचा लेख स्वीकारला गेला. कोरी बाटली मी जुन्या दिव्याखाली लावली होती, नव्या दिव्याखाली नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मात्र "हो, लावली" म्हणाले.

आठ दिवस ती बाटली टाळत राहिले. शेवटी लावली. रंग आपला आपणच उडाला. नवा दिवाच तेवढा प्रखर होता.

मी त्यांच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या नोकरीची मुदतवाढ त्या लेखावर अवलंबून होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"ताई, कुणाला कळणार नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला कळलंय, मला कळलंय. आणखी किती जण हवेत?"

त्यांनी लेख मागे घेतला. पत्रात लिहिलं, "तपासणं माझं काम होतं, चूक माझी." मी रडत म्हणाले, "खोटं तर मी बोलले."

"माहीत आहे. आणि स्वतःहून आलीस, तेही माहीत आहे."

मुदतवाढ मिळाली नाही. त्या आणि यजमान अमरावतीला परतले. शरमेनं मी वर्षभर फोन केला नाही.

मग एका दुपारी पुंजके खरोखर चालले. तीनदा तपासलं आणि फोन लावला. त्यांच्या यजमानांनी, काकांनी उचलला.

"ती गेली गं, दिवाळीच्या आधी. अचानकच. काय काम होतं?"

"काका, पुंजके चालले," एवढंच मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब, पेन घेतो. मला त्यातलं कळत नाही, पण तू सगळं सांग. हळू सांग."

मी सांगत गेले. ते एकेक शब्द पुन्हा उच्चारून लिहून घेत राहिले.